डॉक्टर दवाखाना बंद करताहेत: शटर पडायच्या आधी आणि नंतर काय करायचं

नागपूरच्या महाल, इतवारी, सक्करदरा, गिट्टीखदान अशा जुन्या वस्त्यांमध्ये तीस-चाळीस वर्षं चाललेले एका डॉक्टरचे दवाखाने एकेक करून बंद होताहेत. कारणं फारशी गूढ नाहीत. डॉक्टरांचं वय झालं, मुलगा हाडांचा नाहीतर हृदयाचा डॉक्टर होऊन धंतोली-रामदासपेठेत बसतो, आणि नव्या डॉक्टरला त्या गाळ्याचं भाडं साध्या तपासणी फीमध्ये परवडत नाही. वस्तीत मात्र एवढंच कळतं की दारावर कागद चिकटवलाय, अमुक तारखेपासून दवाखाना बंद.

आता इंजेक्शन दुसरीकडेही मिळेल, बीपी दुसरीकडेही मोजून मिळेल. डॉक्टरांच्या डोक्यात जे होतं ते मिळणार नाही. तुमच्या आईला कोणती गोळी सोसली नाही, वडिलांची शुगर कधी अचानक उतरली होती, कोणाला सल्फाची रिअ‍ॅक्शन आली होती, यातलं बरंचसं कुठेही लिहिलेलं नसतं. म्हणून शटर पडायच्या आधीचे दिवस त्या आठवणी कागदावर उतरवून घेण्यात घालवा. नवा डॉक्टर नंतर शोधता येतो.

शेवटच्या भेटीत काय मागायचं

फक्त ‘फाईल द्या’ म्हणू नका. बाह्यरुग्णाची फाईल बहुतेक दवाखान्यांत नसतेच. फार तर एक कार्ड असतं, आणि त्यावरचं अक्षर डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर या दोघांनाच लागतं. कायद्याचा आधार इथे किती आहे तेही माहीत असावं. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे भरती झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपावे लागतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात. हा 3 वर्षांचा नियम भरती रुग्णांसाठी आहे. येऊन-जाऊन औषध नेणाऱ्यांची जुनी कार्डं हक्कानं मागण्यापेक्षा डॉक्टर खुर्चीत आहेत तोवर एक पान लिहून घ्या. संध्याकाळच्या गर्दीत नको, सकाळी दवाखाना उघडताना जा. एका माणसाला दहा मिनिटं लागतात.

ते पान साधारण असं असावं:

‘स्त्री, 64 वर्षं, वजन 61 किलो. बीपी 2011 पासून, शुगर 2016 पासून. चालू: टेल्मिसार्टन 40 मिग्रॅ सकाळी एक, मेटफॉर्मिन 500 मिग्रॅ सकाळ-रात्र जेवणानंतर, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 10 मिग्रॅ रात्री. बंद केलेलं: रॅमिप्रिल (कोरडा खोकला), अ‍ॅम्लोडिपिन (पायावर सूज). रिअ‍ॅक्शन: सल्फा, अंगावर चट्टे. ऑपरेशन: पित्ताशय. शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), एचबीए1सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी): आकडा आणि तारीख.’ खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

यातली ‘बंद केलेलं’ ही ओळ सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच लोक मागत नाहीत. चालू औषधं नव्या डॉक्टरला स्ट्रिपवरून कळतील. पण अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजले होते हे त्याला कोण सांगणार? तो ते पुन्हा सुरू करील, पाय पुन्हा सुजतील, मग सूज उतरायची आणखी एक गोळी येईल.

मिग्रॅ आणि मायक्रोग्रॅम नीट लिहून घ्या. थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. नावाच्या शेपटीवरही नजर ठेवा. टेल्मिसार्टनपुढे ‘एच’ असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध आहे, ‘एएम’ असेल तर अ‍ॅम्लोडिपिन. ‘एक्सएल’ किंवा ‘एसआर’ म्हणजे गोळी पोटात हळूहळू विरघळते. ती कुटून द्यायची नाही. नागपूरच्या मे महिन्यात ‘एच’ची गोळी घेणाऱ्याला घाम आणि लघवी दोन्हीकडून पाणी-मीठ जाऊन उठताना चक्कर येते. वस्तीतला जुना डॉक्टर असा डोस उन्हाळ्यापुरता कमी करत असेल, तर तेही पानावर यायला हवं.

पुडीतल्या गोळ्या

बऱ्याच दवाखान्यांत चिठ्ठी मिळतच नाही. कंपाउंडर डब्यांतून गोळ्या मोजतो, कागदी पुडीत बांधतो, वर उभी रेघ आणि आडवी रेघ: सकाळ, रात्र. त्या पुडीवर नाव नसतं, ताकद नसते, एक्स्पायरीही नसते. दवाखाना बंद झाल्यावर ‘ती लाल बारीक गोळी’ एवढ्या खुणेवर कुठलंही मेडिकल ती देऊ शकत नाही. रंग आणि आकारावरून अंदाज बांधू नका, एकाच रंगाच्या शेकडो गोळ्या असतात. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि प्रत्येक गोळीचं मूळ औषध आणि ताकद लिहून घ्या.

दमा, सांधेदुखी आणि अंगाची खाज, या तीन तक्रारींच्या पुडीबद्दल सरळ विचारा, ‘यात स्टेरॉइड आहे का?’ विचारायला अवघड वाटतं, पण विचाराच. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन महिनोन्‌महिने पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. पुडी एकदम थांबली तर गळून जाणं, उलट्या, बीपी खाली येणं असं होतं, आणि घरच्यांना वाटतं की उन्हाचा त्रास आहे. चेहरा गोल झालाय, वजन वाढलंय, शुगर नव्यानं निघालीय आणि पुडी चुकली की माणूस पार ढेपाळतो, अशी लक्षणं असतील आणि डॉक्टर आधीच निघून गेले असतील, तर उरलेली पुडी घेऊन लगेच फिजिशियनला दाखवा. हे औषध टप्प्याटप्प्यानंच कमी करावं लागतं.

मधल्या काळाचा साठा

नवा डॉक्टर ठरायला सहज दोन-तीन आठवडे जातात. शेवटच्या भेटीत निदान 2 महिन्यांची चिठ्ठी घ्या, त्यावर औषधाचं मूळ नाव आणि किती दिवसांचं हे लिहिलेलं असावं. स्ट्रिप घरी आणली की कापायच्या आधी पाठीमागच्या बाजूचा फोटो काढा. एक्स्पायरी बहुधा एकाच टोकाला छापलेली असते आणि मेडिकलवाला अर्धी स्ट्रिप कापून देताना नेमका तो तुकडा दुसऱ्याच्या पिशवीत जातो.

काही औषधांत एका दिवसाचाही खंड चालत नाही: फिटची औषधं, इन्शुलिन, हृदयाच्या झडपेसाठीचं रक्त पातळ करणारं औषध, मेटोप्रोलॉल-अ‍ॅटेनोलॉलसारख्या नाडी मंदावणाऱ्या गोळ्या आणि वर सांगितलेलं स्टेरॉइड. या घरांनी आधी धावपळ करायची. कोलेस्टेरॉलची गोळी चार दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही.

झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची अडचण निराळी. त्यातलं अल्प्राझोलाम शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत येतं. दुकानदाराला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरात लिहून ते 3 वर्षं ठेवावं लागतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय तो देणार नाही, आणि देऊही नये. टेलिमेडिसिनच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती फोनवरच्या सल्ल्यातही लिहून मिळत नाही. वर्षानुवर्षं घेत असाल तर ती अचानक तुटू देऊ नका, प्रत्यक्ष डॉक्टरकडेच जावं लागेल.

बीपी-शुगरच्या जुन्या औषधांची चिठ्ठी पुढे चालू ठेवायला सरकारच्या ई-संजीवनीवरचा व्हिडिओ सल्ला फुकट मिळतो. जुनी चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरा.

इन्शुलिन दवाखान्यात जाऊन टोचून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. बाटलीतलं इन्शुलिन बहुधा एका मिलीला 40 युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज 100 युनिटच्या इन्शुलिनची. केशरी सिरिंजमध्ये 40 वालं भरलं तर डोस निम्म्याहून कमी जातो. लाल सिरिंजमध्ये 100 वालं भरलं तर अडीचपट जातो, आणि माणूस बेशुद्ध पडतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवूनच भरा. बंद बाटली फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही. घरी फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करा. एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू भरा, त्यात लहान मडकं बसवा आणि डबा त्या मडक्यात ठेवा. वाळू रोज ओली करा, भांडं सावलीत आणि वाऱ्यावर असू द्या.

नवा डॉक्टर

पहिली चूक इथे होते. फॅमिली डॉक्टर गेला की घरचे बीपीसाठी हृदयवाला, गुडघ्यासाठी हाडवाला, शुगरसाठी आणखी कोणी असे तीन-चार डॉक्टर धरतात. प्रत्येक जण आपल्या पसंतीच्या कंपनीचं नाव लिहितो आणि एकच टेल्मिसार्टन दोन वेगळ्या नावांनी पोटात जातं. शुगरच्या ग्लिमेपिराईडचं तसं झालं तर रात्री शुगर उतरते. हाडवाल्याची दुखण्याची गोळी बीपी वाढवते आणि किडनीवर ताण आणते. सगळी औषधं एकत्र पाहणारा एक माणूस हवाच. तो एमबीबीएस असला तरी पुरे, एमडी मेडिसिन असेल तर उत्तम.

वस्तीतच नवीन डॉक्टर बसला असेल तर नोंदणी तपासा. अ‍ॅलोपॅथीची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. आणि एक जुनाच प्रकार: डॉक्टर गेले, पाटी तीच, खुर्चीत कंपाउंडर. बिचारा वाईट नसतो, वस्ती त्याला ओळखते, रात्री दार वाजवलं तर उठतो. पण नोंदणी नसलेल्यानं औषधोपचार करणं गुन्हा आहे, आणि सलाईन लावताना रिअ‍ॅक्शन आली तर तिथे ऑक्सिजनही नसतो. बीपी मोजून घ्यायला आणि ड्रेसिंगला हरकत नाही. सुई नको.

खासगी डॉक्टर परवडत नसेल तर मनपाचं नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र शोधा. साधारण 50,000 लोकसंख्येमागे एक, असा त्याचा निकष आहे. बीपी-शुगरची तपासणी, रोजच्या गोळ्या, लसीकरण, गरोदरपणाची तपासणी हे सगळं तिथे होतं. 1 मे 2023 पासून राज्यभर सरकारचे ‘आपला दवाखाना’ सुरू झाले; दिवसभर कामावर असणाऱ्यांना ते सोयीचे, मात्र तुमच्या भागातली वेळ पाटीवर वाचूनच जा. साध्या तापासाठी थेट मेयो किंवा मेडिकल गाठू नका, अख्खी सकाळ रांगेत जाते. (बाहेरगावच्यांसाठी: मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आणि नागपुरात ‘मेडिकलला ने’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ने. गोळ्या आणायला निघालेला नवखा माणूस ऑटोवाल्याला तसं सांगून भलतीकडे पोचतो.) बाळंतपणासाठी डागा स्त्री रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासूनचा मोफत उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांना आहे, त्यात डागा येतं. मेयो-मेडिकल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यानं तिथे केसपेपरचे पैसे लागतात. मिहानमधल्या एम्सला जायचं तर ओपीडीची वेळ ऑनलाइन घेऊनच निघा. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर सोमवारी पेठेतलं ईएसआय रुग्णालय तुमच्या हक्काचं आहे, ते अनेकांच्या ध्यानातच नसतं.

आयुष्मान किंवा महात्मा फुले योजनेचं कार्ड भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. महिन्याच्या बीपीच्या गोळ्या त्यावर मिळत नाहीत. 14 अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) काढून ठेवा, पण नुसत्या क्रमांकात काहीच साठलेलं नसतं. ते वरचं एक पान आणि रिपोर्ट तुम्हालाच स्कॅन करून त्यात चढवावे लागतात.

नव्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना तब्येत ठीक असतानाच जा. ताप चढलेला असताना कोणाला जुना इतिहास ऐकायला वेळ नसतो. आधीचे 7 दिवस सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजून लिहून न्या: पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकलेला, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं, मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं. घरची सरासरी 135/85 च्या वर असेल तर ते वाढलेलं समजतात. सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक काढासुद्धा. आणि तीन गोष्टी विचारून घ्या: घरी तपासायला येता का, रात्री फोन उचलता का, भरती करायची वेळ आली तर कुठे पाठवता.

काही पेशंट कोणाच्याच मोजणीतून सुटता कामा नयेत. टीबीचं औषध चालू असेल तर निक्षय क्रमांक, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक, मागून घ्या. त्या क्रमांकावर उपचार मनपाच्या केंद्रात पुढे चालू होतात, महिन्याचे 1000 रुपये पोषणभत्त्याचेही. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ, त्यामुळे तपासणीचं कार्ड आणि त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा डोस दोन्ही जवळ असावेत. मुलांच्या लसींची तारीख डॉक्टरांच्या वहीत असते. ती लसीकरण कार्डावर शिक्क्यासह उतरवून घ्या, नाहीतर शाळेत प्रवेश घेताना शोधाशोध होते.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर

हा भाग कोणाला वाचायला आवडत नाही. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना 4अ, शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर देतो, आणि 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे ते फुकट द्यायचं असतं. आजवर वस्तीतला डॉक्टर पहाटे तीनलाही येऊन सही करायचा. तो गेला की तिरडी बांधून ठेवलेली, नातेवाईक वर्ध्या-भंडाऱ्याहून निघालेले, आणि मोक्षधाम किंवा गंगाबाई घाटावर कागद मागितला की धावपळ. ज्यानं माणसाला जिवंतपणी कधी पाहिलंच नाही तो डॉक्टर सही करायला कचरतो, आणि त्याचं चुकत नाही. कारण कळत नसेल तर प्रकरण पोलीस आणि शवविच्छेदनापर्यंत जाऊ शकतं.

म्हणून नव्या डॉक्टरला घरी बोलावून पेशंट दाखवा आणि पुढे निदान महिन्यातून एकदा तरी तपासून घ्या. दर भेटीची तारखेसह नोंद करून घ्या. ती वही, आधार कार्ड आणि आधीच्या भरतीचं डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत उशाशी ठेवा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते.

वस्तीनं मिळून

एकट्यानं केलेली तक्रार टेबलावर पडून राहते. मोजणी सोबत असेल तर अधिकारी निदान वाचतो. आशाताईंना सोबत घ्या, दोन रविवार घरोघर फिरा, एका कागदावर चारच रकाने: घरातली माणसं, साठीच्या वरचे, बीपी-शुगरचे, गरोदर आणि पाच वर्षांखालची मुलं. आजाराचं नाव माणसाच्या नावापुढे लिहू नका, नुसता आकडा पुरे. त्याखाली सगळ्यात जवळचं मनपाचं केंद्र किती दूर आणि किती वाजता बंद होतं ते लिहा.

हा अर्ज झोन कार्यालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला द्या, एक प्रत मनपाच्या आरोग्य विभागाला, एक नगरसेवकाला. पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मागणी लहान आणि नेमकी ठेवा. ‘रुग्णालय द्या’ म्हटलं की फाईल जागेच्या आणि निधीच्या फेऱ्यात अडकते. ‘आठवड्यातून दोन संध्याकाळी डॉक्टर आणि बीपी-शुगरच्या गोळ्या समाजभवनात द्या’ एवढं मागा, खोली वस्ती देईल असं लिहा. महिन्यात उत्तर आलं नाही तर 10 रुपयांचं शुल्क भरून माहितीचा अधिकार वापरा आणि विचारा: अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, केंद्रात डॉक्टरांची मंजूर पदं किती, भरलेली किती. भरलेली पदं कमी निघाली तर पुढचा अर्ज त्या आकड्यावरच लिहा.

तोवर वस्तीतल्या बायकांच्या महिला आरोग्य समितीकडे एक चांगलं बीपी यंत्र आणि ग्लुकोमीटर ठेवता येईल. समितीला वर्षाला 5000 रुपयांचा मुक्त निधी असतो. ग्लुकोमीटर घेताना यंत्राच्या किमतीपेक्षा पट्ट्यांची किंमत आधी विचारा. सुई प्रत्येकाला नवी. उन्हाळ्यात ओआरएसची पाकिटं समितीत असावीत, अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात ओतलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध, अशा माणसाला पाजत बसू नका, अंगावर पाणी मारा आणि 108 लावा. आरोग्याच्या सल्ल्यासाठी 104, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी 102. हे तीन आकडे बंद दवाखान्याच्या शटरवरच रंगवून घ्या, आजारी माणूस सवयीनं आधी तिथेच येतो.

दवाखाना बंद करणाऱ्या डॉक्टरांना

निदान 3 महिने आधी पाटी लावा, आणि पाटीवर कारण नको, तारीख आणि एक फोन नंबर हवा. न चुकता येणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या आणि फिट-इन्शुलिनवाल्या पेशंटांची यादी कंपाउंडरकडून काढून त्यांना आधी बोलवा. शक्य असेल तर पेशंट ज्यांच्याकडे जातील अशा दोन डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. उरलेल्या सुया, बाटल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीलाच द्या. कार्डं मात्र रद्दीवाल्याला देऊ नका; शेंगदाण्याच्या पुडीवर शेजारणीचं नाव आणि तिचं दुखणं छापून फिरायला वेळ लागत नाही. ज्याची त्याला द्या, उरलेली फाडून पाण्यात भिजवा.